पिवळा दाखला

आजचा विषय आम्ही कोणत्याही ग्रंथातून निवडलेला नाही. तो आमच्या दारात चालून आला. गेल्या दिवाळीच्या सुमारास खारदांड्यातील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सकाळी घरी आले. घरात ते, त्यांची पत्नी, ९ वर्षांचा मुलगा, ५ महिन्यांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आजी अशी पाच माणसे. गृहस्थांचे मामेभाऊ नोकरीनिमित्त केनियात असतात. त्यांनी नाताळच्या सुटीत सर्वांना मोंबासाच्या किनाऱ्यावर आठ दिवस राहावयास बोलाविले होते. तिकिटांची चौकशी झाली होती, आणि प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी गृहस्थांच्या हाती एक छापील कागद ठेवला होता. त्यावर लसींची नावे ओळीने दिली होती : पीतज्वर, विषमज्वर, काविळीचे दोन प्रकार, धनुर्वात, पटकी, मेंदूज्वर आणि श्वानदंश.

"काका," गृहस्थ म्हणाले, "पाच माणसांना या सगळ्या टोचायच्या म्हटल्या तर एका तिकिटाचे पैसे त्यातच जातील. यांतल्या घ्यायच्या कोणत्या आणि सोडायच्या कोणत्या?"

आम्ही काही डॉक्टर नव्हे. औषधाचा प्रश्न डॉक्टरांना विचारा, एवढे सांगून आम्हांला मोकळे होता आले असते, आणि तसे आम्ही सांगितलेही. परंतु तो कागद वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, ही यादी दिसते तितकी एकजिनसी नाही. तिच्यात दोन अगदी निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. माझ्या शरीराला कशापासून जपावयाचे, हा एक; आणि सरहद्दीवरचा अधिकारी माझ्याकडे काय मागणार, हा दुसरा. सामान्य माणूस समजतो की, अधिकारी जे मागतो तेच शरीराला हवे असते, आणि जे तो मागत नाही त्याची गरज नसते. ही समजूत किती फसवी आहे हे मोंबासाच्याच उदाहरणावरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मताने मोंबासा आणि केनियाची किनारपट्टी येथे पीतज्वराचा धोका इतका अल्प आहे की, केवळ तेथेच राहणाऱ्या प्रवाशाला त्या लशीची सहसा शिफारस केली जात नाही. हिंदुस्थानातून थेट जाणाऱ्याकडे केनियाचे सरकारही ती मागत नाही. मग ती मागते कोण? परतताना आपलाच देश! केनियातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत जो मुंबईच्या विमानतळावर उतरेल, त्याच्याजवळ पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर ते दिवस भरेपर्यंत त्याला अलग ठेवले जाते. उलट विषमज्वराबद्दल कोणीही काही विचारीत नाही, आणि सुटीवर गेलेला माणूस दूषित पाण्याने आजारी पडण्याचा संभव मात्र पुष्कळच अधिक.

असे का व्हावे, याचे उत्तर इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाचा फार मोठा भाग आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे.

लस ही वस्तू आपल्याकडे आली तीच मुळी प्रवास करीत. एडवर्ड जेन्नरने गोस्तनदेवीचा प्रयोग केला तो १७९६ साली. त्या लशीची वार्ता लवकरच हिंदुस्थानात पोहोचली, पण लस काही पोहोचेना. दोऱ्यात सुकवून पाठविलेला पू समुद्रावरच्या उन्हाळ्यात निकामी होऊन जाई. शेवटी व्हिएन्नाच्या झाँ द कारो या डॉक्टराने ती खुष्कीच्या मार्गाने बगदादकडे धाडली. तेथून ती बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची ही लस यशस्वीपणे घेणारी पहिली व्यक्ती ती. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस दिली गेली आणि पुढे ती देशभर पसरली. एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, असा तो व्यवहार. काचेची कुपी आणि बर्फाची पेटी नव्हती. मुलेच कुपीचे काम करीत. आज अंगावर शहारे येतील, परंतु लस घेणारा ती स्वतःसाठी घेतो आणि त्याच वेळी पुढच्यासाठीही घेतो, ही गोष्ट त्या काळी कोणाला समजावून सांगावी लागत नसे. ती डोळ्यांसमोर दिसे.

लोकांनी ती लस आनंदाने घेतली असे मात्र समजू नये. देवी हा आपल्याकडे रोगही होता आणि देवीही होती. माहीमच्या शीतलादेवीचे देऊळ येथून फार दूर नाही. टोचणीवाला आला की मुले माळ्यावर लपविण्याचे प्रसंग आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरोघर सांगितले जात. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने टोचणी सक्तीची झाली. आपल्या भाषेत 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो या टोचणीवरूनच.

पण अजूनपर्यंत लशीचा आणि सरहद्दीचा संबंध आलेला नव्हता. सरहद्दीवर रोगाला अडविण्याचा एकच उपाय जगाला ठाऊक होता. तो म्हणजे क्वारंटीन. जहाज आले की त्यातील माणसांना ठराविक दिवस बंदराबाहेर अडकवून ठेवावयाचे. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकीची भयंकर साथ उद्भवली आणि तेथून ती युरोपात गेली. दुसऱ्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला अनेक राष्ट्रांची परिषद भरली, आणि तिने पटकीचे माहेरघर हिंदुस्थान असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर मुंबई बंदरातून निघणाऱ्या हाजींच्या जहाजांकडे सारे जग संशयाने पाहू लागले. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर त्यांना उतरवून दिवस मोजावयास लावीत. आज उष्ण प्रदेशात सुटीला जाताना आम्ही तेथल्या रोगांची यादी चाळतो; त्या काळी यादीत नाव होते ते आमचे.

याचा कळस झाला तो प्लेगच्या वर्षी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. पुढचे सहा महिने मुंबईने जे पाहिले ते येथे सविस्तर सांगत बसण्याची गरज नाही. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. कोणी कोकणात गेले, कोणी देशावर, आणि कोणी माहीमची खाडी ओलांडून साष्टीत. अर्थात रोगही त्यांच्याबरोबर गेला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून हिंडताना कोपऱ्याकोपऱ्यावर जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक या प्लेगच्या वेळी रक्षणार्थ उभारलेले आहेत. येथून पायी जाऊन कोणालाही ते पाहता येतील. इतिहास म्हटला की आपण रायगडाकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण रोज ज्याच्याजवळून भाजी घेऊन घरी जातो तो क्रूसही इतिहासच आहे, हे आपण विसरतो.

सरकारने त्या वेळी केलेला साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. (हाच कायदा पुढे २०२० साली करोनाच्या दिवसांत पुन्हा वापरात आला, हे आपणांस आठवत असेल.) घरांची झडती, रोग्यांना आणि त्यांच्या आप्तांना छावण्यांत नेणे, रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी हे सर्व या कायद्याच्या आधारे चालले. ज्या रीतीने ते चालले, तिचा परिणाम पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री काय झाला, ते महाराष्ट्राला सांगावयास नको. त्याच वर्षी मुंबई आणि कराची येथून हजला जाणारी जहाजे सरकारने बंद केली. व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली ती खास मुंबईच्या प्लेगसाठी. म्हणजे आमच्या शहरातील चाळी आणि गोदामे यांची चर्चा इटलीत चालली होती, आणि त्या चर्चेत आमच्या चाळीतील कोणी नव्हते.

नेमक्या याच हिवाळ्यात, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत वाल्देमार हाफकिन काम करीत होता. हा मूळचा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, आणि पटकीच्या लशीसाठी आधी कलकत्त्याकडे आलेला. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे जंतू त्यांच्या आधाराने लोंबत्या झुंबरासारखे खाली वाढतात, मग उष्णता देऊन ते मारावयाचे, आणि ते मेलेले जंतू टोचावयाचे, अशी त्याची रीत. प्रयोगशाळेत आपले घरगुती तूप कामास यावे, याची आम्हांला नेहमीच मौज वाटत आली आहे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, हात सुजला, आणि उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जेथे साथ शिरलेली होती तेथे, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी, असे दिसून आले. आगाखान यांनी ती लस जाहीरपणे टोचून घेतली आणि त्यांचे पाहून खोजा समाजातील हजारोंनी घेतली. १८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून त्या संस्थेला त्याचेच नाव आहे.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट येते. लस हाती आली तेव्हा प्लेगच्या कडक नियमांत एक फट पडली. लस टोचून घेतल्याचा कागद ज्याच्यापाशी असेल त्याला विलगीकरणातून सवलत मिळू लागली. माणसाला अडकवून ठेवण्याऐवजी माणसाजवळचा कागद पाहावयाचा, ही कल्पना येथून पुढे बळावत गेली. कागदाने माणसाची सुटका केली, यात शंका नाही. पण त्याच कागदामुळे लस घेण्याचे कारणही बदलले. कोणी प्लेगच्या भीतीने लस घेई, तर कोणी छावणीच्या भीतीने. आणि दोघांच्या दंडावर खूण सारखीच उठे.

लस म्हणजे निर्धोक, असेही नव्हे. पंजाबातील मुलकोवाल गावी १९०२ च्या ऑक्टोबरात एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला पद सोडावे लागले, आणि १९०७ साली तो निर्दोष ठरेपर्यंत पाच वर्षे निघून गेली. बाटली दूषित झाली ती गावात उघडताना, असा निष्कर्ष पुढे निघाला. लस कोठे, कोणाच्या हातून आणि कशा स्थितीत टोचली जाते, यावर किती अवलंबून असते ते यावरून कळून येईल. आज पीतज्वराची लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्य केलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते आणि तेथला शिक्काच चालतो, याबद्दल लोक कुरकुर करतात. त्यांनी मुलकोवालचे स्मरण ठेवावे.

मग आली विमाने. खारदांड्याच्या किनाऱ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे जुहूवरून समुद्राकडे झेप घेणारी विमाने दिसतात. जुहूचे विमानतळ १९२८ सालचे; १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा उतरले ते येथेच. या घटनेचा अभिमान आपण सारेच बाळगतो. पण आरोग्य खात्यातील मंडळींना त्याच सुमारास झोप येईनाशी झाली होती, आणि त्याचे कारण पीतज्वर.

हा रोग आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांतला. तो डासामार्फत पसरतो ही कल्पना क्यूबातील कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडली, आणि १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ती सिद्ध केली. तो डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरविणारा एडिस. फुलदाणीत, पिंपात, कुलरखालच्या तबकडीत, नारळाच्या करवंटीत, होडीच्या तळाशी साचलेल्या पावसाच्या पाण्यात, कोठेही वाढणारा. म्हणजे रोग पसरविणारा वाहक आपल्या घरोघरी तयार. नाही तो फक्त विषाणू. एका रोग्याच्या रक्तातून तो आला की पुढचे काम आपले डास बिनबोभाट करतील, ही ती भीती. जोवर प्रवास बोटीने होता तोवर समुद्र हाच क्वारंटीन होता. पीतज्वराची लागण झाल्यापासून रोग दिसण्यास साधारणपणे ३ ते ६ दिवस लागतात. मोंबासाहून मुंबईस येणाऱ्या बोटीला आठवडा किंवा अधिक लागे. रोगी असेल तर तो वाटेतच कळे. विमानाने तोच प्रवास काही तासांचा केला, आणि धडधाकट दिसणारा माणूस रोग घेऊन उतरू शकेल असे झाले. १९३३ साली हेगला विमानप्रवासापुरता स्वतंत्र आरोग्य करार झाला. माक्स टायलरने १९३७ साली पीतज्वराची लस सिद्ध केली; तिच्याबद्दल त्याला १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील मागणी दीर्घकाळ कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतील लशीवर भागत आली.

एवढी भीती खरी होती काय? आजवर पीतज्वराने आशियात घर केलेले नाही. डास आहेत, उष्णता आहे, दाटी आहे, आणि तरीही नाही. कोणी म्हणतात डेंग्यूने आपल्या रक्ताला थोडेसे संरक्षण दिले असावे; कोणी म्हणतात आपल्याकडचा डास या विषाणूला तितकासा अनुकूल नसावा; कोणी म्हणतात की तो केवळ अजून आलेला नाही. शास्त्रज्ञांत याबद्दल एकमत नाही. एकदा मात्र तो आलाच असे वाटले होते. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पीतज्वराची ही ओळखीची खूण. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तातडीने तिकडे गेले, आणि त्यांना सापडला तो पीतज्वर नव्हे, तर गोचिडीमार्फत पसरणारा एक अगदीच नवा विषाणू. माकडताप म्हणून तो आज ओळखला जातो, आणि आपल्या सिंधुदुर्गातही पोहोचला आहे. पीतज्वराची पहिली खरी वर्दी आशियाला मिळाली ती २०१६ मध्ये. अंगोलात मोठी साथ चालू असताना तेथून चीनला परतलेल्या ११ जणांत तो रोग आढळला. पुढे तो तेथे पसरला नाही, हे सुदैव. परंतु अंतर किती उरले आहे ते त्यावरून दिसून आले.

हे सर्व सांगितले तेव्हा गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे," ते म्हणाले, "मोंबासाला जाताना मी लस घेणार ती माझ्यासाठी नाही, दांड्यासाठी?" बरोबर ओळखले होते त्यांनी. पीतज्वराचा दाखला हा मुख्यतः शेजाऱ्यांचा दाखला आहे. डस्टहॉलच्या मुलीने पुढच्या मुलासाठी दंड पुढे केला, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आता मधे एक पिवळी पुस्तिका आहे.

ही पुस्तिका सर्व जगासाठी एका नमुन्याची झाली, ती १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय नियम केले त्या वेळेपासून. आमच्या घरातील एका जुन्या पेटीत तशी एक पुस्तिका आहे. आमचे एक नातलग 'कंपाला' आणि 'करांजा' या बोटींनी पूर्व आफ्रिकेला जात-येत असत, ही त्यांची. तीत तीन सदरे भरलेली आहेत : देवी, पटकी आणि पीतज्वर. देवीचा दाखला ३ वर्षे चाले, पटकीचा अवघे ६ महिने. आज त्या तीन सदरांपैकी दोन इतिहासजमा झाली आहेत, आणि त्यांची कारणे मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

देवीचा दाखला गेला तो लस यशस्वी झाली म्हणून. हिंदुस्थानातील देवीची शेवटची रोगी आसामातील करीमगंज येथे १९७५ च्या मे महिन्यात सापडली. १९८० साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तोवर हिंदुस्थानी प्रवाशाच्या दंडावरचा वण परदेशात पुन्हा पुन्हा तपासला जाई, आणि त्याला कारणही होते. १९६३ साली हिंदुस्थानातून परतलेल्या एका प्रवाशामार्फत पोलंडातील व्रोत्स्वाफ शहरात देवी शिरली. ९९ जणांना लागण झाली, ७ दगावले, आणि साऱ्या शहराला टोचणी करावी लागली.

पटकीचा दाखला गेला तो लस अपुरी पडली म्हणून. त्या काळची लस थोड्या महिन्यांपुरते आणि थोड्यांनाच संरक्षण देई, आणि रोगाचा प्रसार तर तिने थांबतच नसे. हे ठाऊक असूनही तो दाखला वर्षानुवर्षे मागितला जात होता. लोकही हुशार, दंड पुढे न करता शिक्का कसा मिळवावा हे त्यांना माहीत असे, आणि शिक्का देणारेही भेटत. शेवटी १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही मागणी नियमांतून काढून टाकली. एक अपुरी लस, अर्धवट खरा कागद, आणि त्यावर विसंबलेली दोन सरकारे, असा तो सारा मामला होता. आमच्या मते सरहद्दीच्या दाखल्याच्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण ते हेच. दाखला आहे म्हणजे संरक्षण आहे, असे मानण्याची सवय त्याने जगाला लावली.

ती सवय अजून गेलेली नाही. २०२१ साली पुण्यात सीरम संस्थेत तयार झालेली कोव्हिशील्ड आपण घेतली. ती ऑक्सफर्डचीच लस, नाव फक्त वेगळे. तरीही हिंदुस्थानात लस घेतलेल्यांना ब्रिटन लसवंत मानीना. मग लस मानली, पण दाखला मानीना! आपल्या सरकारनेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तशीच वागणूक दिली, आणि ११ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने नियम बदलला. पुण्याची लस, आणि वाद दंडाचा नव्हे तर कागदाचा. १८९७ साली व्हेनिसला आमच्या वतीने कोणी बोलणारे नव्हते. १२४ वर्षांनी निदान उलट उत्तर देता आले, एवढी प्रगती म्हणावयाची.

आता गृहस्थांच्या कागदाकडे वळू. सरहद्दीचे सदर बाजूला ठेवले म्हणजे उरलेली नावे शरीराची, आणि तेथे निवड करावीच लागते. डॉक्टरांनी गृहस्थांना जे समजावून सांगितले ते त्यांनी आम्हांला येऊन सांगितले, आणि त्यातील एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला चटका लावून गेली. काविळीचा जो 'अ' प्रकार दूषित अन्नपाण्यातून होतो, तो आजींच्या पिढीला लहानपणीच, पुष्कळदा नकळत होऊन गेलेला असतो, आणि पुढे जन्मभर त्याचे संरक्षण राहते. परंतु ज्यांनी बाटलीतले आणि गाळलेले पाणी पिऊन वाढावयाचे, त्या आजच्या मुलांना ते संरक्षण नाही. म्हणजे आजींना त्या लशीची गरज बहुधा नाही आणि नातवाला आहे. परदेशी पुस्तकांत उष्ण कटिबंधाच्या प्रवाशांसाठी ज्या याद्या असतात त्या थंड देशांतून येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांच्या दृष्टीने गोवा हा धोक्याचा प्रदेश; आमच्यापैकी कित्येकांना ते मावशीचे गाव. पण आमचीच मुले आता त्या याद्यांतील प्रवाशांसारखी होत चालली आहेत, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून आम्हांला कळले.

विषमज्वराची लस मुलाला, आणि मोठ्यांनाही, घेण्यासारखी. ती येथेही उपयोगी पडते. धनुर्वाताची मात्रा किती वर्षांपूर्वी झाली ते पाहून ठरवावे, कारण किनाऱ्यावर अनवाणी चालताना पाय कापतोच. मेंदूज्वराची लस हजला जाणाऱ्यांस सक्तीची आहे आणि आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात उपयोगी. मोंबासाच्या समुद्रकिनारी आठ दिवसांसाठी ती नको. पटकीचीही नको. श्वानदंशाची आधी घेण्याची फारशी जरुरी नाही, पण कुत्रे चावले तर जखम साबणाने पुष्कळ वेळ धुऊन त्याच दिवशी इस्पितळ गाठावयाचे, यात कुचराई करावयाची नाही. आणि जो रोग मोंबासाला खरोखर पाहुण्याची वाट पाहत असतो, तो हिवताप, त्याचे नाव यादीत नाहीच. कारण प्रवाशाला टोचता येईल अशी त्याची लस नाही. त्याला गोळ्या आणि मच्छरदाणी. गृहस्थांनी कागद नीट वाचला असता तर सर्वांत मोठ्या धोक्यासाठी त्यात एकही ओळ नाही, हे त्यांना दिसले असते. आम्हांला तरी कोठे आधी दिसले!

राहिली पीतज्वराची. ही जिवंत विषाणूची लस. ९ महिन्यांच्या आतील बाळाला सहसा देत नाहीत, आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांत क्वचित, पण गंभीर त्रास होण्याचा संभव थोडा अधिक असतो. दाखला लागू होतो तो टोचल्यापासून १० दिवसांनी. २०१६ पासून तो एकदा घेतला की जन्मभर चालतो. नाताळात बाळ ७ महिन्यांचे होणार होते, आणि आजी ६८ वर्षांच्या. दोन टोकांची दोन माणसे, आणि दोघांनाही त्या लशीबाबत जपणे भाग. शिवाय एवढ्या लहान मुलीला हिवतापाच्या प्रदेशात नेण्यास डॉक्टर राजी नव्हते.

घरात चार-सहा दिवस चर्चा झाली. एका पक्षाचे म्हणणे, आजी आणि बाळ येथे राहोत, बाकीचे जाऊन येतील. दुसरा पक्ष म्हणे, कोणीतरी ओळखीने शिक्का मिळवून देतो म्हणतात, तेवढ्याने भागेल. या दुसऱ्या सूचनेवर गृहस्थ आमच्याकडे पाहून हसले. १९७३ सालचे प्रकरण त्यांना पाठ झाले होते. अखेर मोंबासा एका वर्षाने पुढे गेले. तिकिटे अजून काढलेली नव्हती, त्यामुळे नुकसान काही झाले नाही. मामेभाऊ मात्र थोडे नाराज झाले. मुलाला विषमज्वराची आणि काविळीची लस लागलीच दिली गेली, कारण तिला मोंबासाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. येत्या डिसेंबरात मुलगी दीड वर्षाची असेल; तेव्हा चौघे विमानतळाच्या आरोग्य केंद्रात जाऊन पिवळ्या पुस्तिका घेणार आहेत.

आजींनी मात्र पुस्तिका नको म्हणून सांगितले आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात बोंबील उलटेपालटे करीत बसल्या होत्या. समुद्रच पाहावयाचा तर तो पलीकडून पाहिला काय आणि अलीकडून पाहिला काय, पाणी एकच, असे त्यांचे म्हणणे. आणि एवढे बोलून त्यांनी नातवाला पिंपावर झाकण घालावयास पिटाळले.